पडद्यापलीकडची राख

अटल सेतू सुरू झाला, तेव्हा आजीला पहिल्यांदा त्यावरून घरी आणलं. शिवडी सोडून न्हावा शेव्याकडे निघालो आणि थोड्या वेळाने डाव्या हाताचा समुद्र दिसेनासा झाला. कठड्यावर उंच पडदे.

"एवढं काय झाकलंय रे तिथं?"

"भाभा केंद्र, आजी. ट्रॉम्बेचं. अणुभट्ट्या आहेत. सुरक्षेसाठी झाकलंय."

"चूल म्हटली की राख आलीच. त्यांची राख कुठं जाते?"

मला धड उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचत बसलो.

अणुभट्टीतून धूर निघत नाही, हे खरं. वीज बनवताना ती कार्बनही सोडत नाही. या उन्हाळ्यांत ही साधी गोष्ट नाही. पण राख आहे. वापरलेलं इंधन काही वर्षं पाण्यात थंड करावं लागतं. आपल्याकडे त्यातलं युरेनियम-प्लुटोनियम पुन्हा वापरायला काढून घेतात आणि उरलेला जहाल भाग काचेत गोठवून ठेवतात. प्लुटोनियम-२३९ निम्मं व्हायलाच सुमारे २४,००० वर्षं लागतात. फिनलंडने या कचऱ्यासाठी ४०० मीटरहून खोल कातळात बोगदे खोदलेत. आपल्याकडे असं कायमचं तळघर अजून नाही.

म्हणजे कोणीतरी हजारो वर्षं राखण करण्याचा शब्द द्यायचा. इथेच माझा विश्वास डळमळतो. बंदरासाठी शेवा गाव उठलं, ते १९८० च्या दशकात. तिथल्या कोळ्यांना उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात वसवलं. घरांना वाळवी लागली. नीट पुनर्वसन करा, ही मागणी त्यांची पुढची पिढीही करतेय. चाळीस वर्षांत एक गाव धड बसवता आलं नाही.

जैतापूरलाही शब्दच दिले गेले होते: ६ अणुभट्ट्या, ९,९०० मेगावॉट. फुकुशिमाचा अपघात झाला मार्च २०११ मध्ये. पुढच्याच महिन्यात साखरी नाट्यात पोलिसांच्या गोळीबारात एक मच्छीमार गेला. तिथे अजून एकही अणुभट्टी उभी नाही. त्याच बनावटीची फ्रान्समधली फ्लामॉंविलची भट्टी २००७ मध्ये बांधायला घेतली, तिची वीज ग्रिडला मिळाली डिसेंबर २०२४ मध्ये. हवामान एवढं थांबणार आहे का?

रात्री आजीला हे सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली.

"चोवीस हजार वर्षं," ती म्हणाली. "आणि राखणीला कोण बसणार? तुझी पोरं?"