अप्लॉम

कॉन्व्हेंटमध्ये असताना निबंधात मी एक शब्द हमखास टाकायचे, 'अप्लॉम'. 'शी स्पोक विथ अप्लॉम' लिहिलं की टीचर खूश! अर्थ, न डगमगता, शांतपणे. शेवटचा 'बी' उच्चारायचा नाही, अनेकवचन करायचं नाही, एवढं पक्कं पाठ.

मग सिव्हिलला आले. व्हायवात एक्स्टर्नलनी दोरीला बांधलेलं वजन माझ्या हातात दिलं.
"काय हे?"
"प्लंब बॉब, सर."
"साइटवर गवंड्याला काय म्हणून मागशील?"
मी गप्प. हात असा थरथरत होता की वजन घड्याळाच्या लंबकासारखं झुलायला लागलं. शेवटी लॅबचे मामा मागून कुजबुजले, "ओळंबा!" सर हसले. मला मात्र रडू यायचंच बाकी होतं.

रात्री होस्टेलवर डिक्शनरी उघडली. अप्लॉम मूळचा फ्रेंच, 'आ प्लों'. म्हणजे ओळंब्यात, अगदी सरळ उभं. प्लों म्हणजे शिसं, लॅटिनमध्ये प्लंबम. म्हणून शिशाची संज्ञा पीबी, आणि आपला प्लंबरही त्याच घरातला (त्याचाही 'बी' मुका!). म्हणजे शाळाभर मिरवलेला शब्द माझ्याच हातात लोंबत होता आणि मी त्याला ओळखलं नाही!

दुसऱ्या दिवशी मामांकडे ओळंबा मागितला, नाव घेऊन.
"आधी हलणारच गं तो," मामा म्हणाले. "वारा असला तर वजन पाण्याच्या बादलीत सोडायचं. लवकर थांबतो."

पुढची व्हायवा सोमवारी आहे. बादली आत नेऊ देतील का?