फोटो काढण्याआधी

आपल्या मराठीत फोटोला दोन शब्द आहेत. एक छायाचित्र, दुसरा प्रकाशचित्र. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ प्रकाशाने काढलेलं चित्र असा होतो, पण मला वाटतं, दोन्ही शब्द मिळूनच फोटो नीट समजतो. नुसता उजेड असला तर चेहरा सपाट दिसतो. नाकाची कड, गालाची गोलाई, कपाळावरच्या आठ्या दिसतात त्या सावलीमुळे.

म्हणून घरातल्या पोरांनी "फोटो चांगला कसा काढायचा?" असं विचारलं की मी सांगतो, फोन बाजूला ठेवा आणि आधी खिडकी शोधा. थेट ऊन येत नाही, पण उजेड भरपूर आहे अशी. माणसाला तिच्यापासून दोन-तीन फुटांवर बसवा. उजेड एका बाजूने चेहऱ्यावर यायला हवा. खिडकीकडे पाठ नको. मागे लख्ख उजेड असला की कॅमेरा त्यालाच सांभाळायला जातो आणि माणूस काळा पडतो. तसंच बसवावं लागलं तर पडद्यावर त्याच्या चेहऱ्यावर बोट टेकवा. मग फोन चेहऱ्याच्या हिशेबाने उजेड धरतो.

जगातला सर्वात जुना टिकून राहिलेला फोटोही खिडकीतूनच काढलेला आहे बरं का! फ्रान्समधल्या निएप्स यांनी १८२६-२७ च्या सुमारास तो काढला आणि त्यासाठी कितीतरी तास लागले. आपल्याला क्षणभर पुरतो, एवढाच फरक.

बाहेर फोटो काढायचा तर भर दुपार टाळा. ऊन डोक्यावर असतं, डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो आणि माणूस आजारी दिसतो. झाडाची किंवा पडवीची सावली जवळ करा. फ्लॅशवर फार विसंबू नका. तो दहा-बारा फुटांपलीकडे फारसा पोचत नाही. स्नेहसंमेलनात मागच्या रांगेतून फ्लॅश मारला की पुढच्यांची डोकी तेवढी उजळतात, नाटक अंधारातच राहतं.

आणखी चार गोष्टी. लेन्स रुमालाने पुसा. खिशातल्या फोनवर बोटांचे ठसे असतातच आणि त्यांनी फोटो धुरकट येतो. कोपरं अंगाशी घट्ट धरा किंवा भिंतीला टेका, कारण उजेड कमी असला की हात हलल्याचं फोटोत दिसतं. मूल रांगत असेल तर आपणही जमिनीवर बसा, आजी पाटावर असेल तर आपणही खाली. वरून काढलेल्या फोटोत माणूस उगाच लहान होतो. आणि बटण दाबण्याआधी मागे बघा. डोक्यातून खांब उगवलेला किंवा खांद्यामागे वाळत घातलेला टॉवेल एक पाऊल सरकलं तरी जातो. चेहऱ्याच्या अगदी जवळ मात्र फोन नेऊ नका, नाक मोठं दिसतं. चार-पाच फूट अंतर बरं.

हे सगळं कशासाठी? माझ्या आईचा एकच फोटो आमच्याकडे आहे. एका लग्नातला, तिसऱ्या रांगेतला. पुढच्या माणसाच्या फेट्याने तिची हनुवटी झाकली आहे. ती गेल्यावर भिंतीवर लावायला तोच मोठा करून घेतला. ठिपके ठिपके झाले, पण दुसरा नव्हताच. त्यात कोणाचा दोष नव्हता. आमच्या काळात ज्याच्या घरी अ‍ॅग्फा क्लिक थ्री असे तो मोठा माणूस, आणि एका रोलमध्ये फोटो बारा. बारा फोटोंत लग्नातले सगळे बसवायचे तर चुलीपुढच्या बाईची पाळी कधी येणार? आई भाकरी थापताना कशी दिसायची, हे आम्हा भावंडांच्या डोळ्यांत तेवढं आहे. माझ्या नातवंडांना ते दाखवायला माझ्याकडे काही नाही.

आता रोल संपत नाही. तरी फोनमध्ये जेवणाची ताटं, सूर्यास्त आणि सुप्रभातची फुलं शेकड्यांनी असतात आणि घरातली वडीलधारी माणसं कुठेतरी कोपऱ्यात. म्हणून माझं एवढंच मागणं. या आठवड्यात घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाचा एक फोटो काढा. 'हसा' म्हणू नका. त्यांना त्यांचं काम करू द्या. निवडणं, शिवणं, पेपर वाचणं, काहीही. खिडकीशी, त्यांच्या उंचीवर बसून. एक चेहऱ्याचा काढा, एक हातांचा. आणि घरात जो नेहमी फोटो काढतो तो कुठल्याच फोटोत नसतो, तेव्हा त्याच्या हातातला फोन घेऊन त्याचाही एक काढा.

मग त्यातला एक कागदावर छापून घ्या. मागे नाव, गाव आणि साल लिहा. पेन्सिलीने, हलक्या हाताने, म्हणजे पुढच्या बाजूला वळ उठत नाहीत. पन्नास वर्षांनी कोणीतरी तो उलटून बघेल, "या कोण?" असं विचारेल, तेव्हा सांगायला आपण नसू.