मुलाला कोणी सांगितले का?

घरात मोठा बदल व्हावयाचा असला म्हणजे आपण किती जणांना विचारतो! बदलीचा हुकूम आला की नव्या घरमालकाशी बोलतो, सामान नेणाऱ्यांशी घासाघीस करतो, शाळेच्या दाखल्यासाठी कारकुनाला चारदा भेटतो. ज्याचा दाखला, त्या मुलाला मात्र सहसा कोणी काही विचारीत नाही. "लहान आहे, त्याला काय कळते?" एवढे म्हणून आपण मोकळे होतो. वाचकहो, या एका वाक्याविषयी मला आज आपल्याशी थोडे बोलावयाचे आहे.

माझे वास्तव्य बंगळूरच्या चामराजपेटेत आहे. १८९२ साली आखून वसवलेली ही जुनी वस्ती. कन्नड साहित्य परिषद येथेच आहे, आणि 'मक्कळ कूट', म्हणजे मुलांचा मेळा, ही संस्थाही येथलीच. आर. कल्याणम्मा यांनी ती १९३८ साली सुरू केली. बालपणीच वैधव्य आलेल्या या बाईंनी 'सरस्वती' मासिक चालवले, स्त्रियांसाठी कार्य केले आणि मुलांनाही हक्काची जागा मिळवून दिली. मुलांच्या खेळाला अशी जागा देणाऱ्या पेठेतदेखील मुलाच्या प्रश्नाला घरात जागा मिळतेच, असे मात्र नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारी एक मराठी कुटुंब राहत असे. पतिपत्नींचे पटेनासे झाले आणि पती दुसरीकडे राहू लागले. सहा वर्षांच्या मुलाला सांगण्यात आले, "बाबा फिरतीवर गेले आहेत." सांगणारीचा हेतू वाईट नव्हता, मुलाला दुःख होऊ नये, एवढीच तिची इच्छा होती. पुढे मुलगा रात्री अंथरूण ओले करू लागला. शाळेची वेळ झाली की त्याच्या पोटात दुखे. डॉक्टरांना पोटात काही सापडेना. एके दुपारी माझ्याकडे खेळता खेळता तो एकदम म्हणाला, "आजी, मी बाबांच्या कागदांवर पाणी सांडले नसते, तर ते गेले नसते ना?"

मोठ्यांनी खरे कारण सांगितले नाही, म्हणून त्याने स्वतःच एक कारण शोधून काढले होते. लहान मुलाला आपण घराच्या मध्यभागी आहोत असे वाटत असते. त्यामुळे घरातल्या सुखाचे श्रेय जसे ते स्वतःकडे घेते, तसा दुःखाचा दोषही स्वतःकडेच घेते. आपण मौन पाळतो ते त्याच्या रक्षणासाठी. पण त्या मौनात ते एकटे पडते.

मी हे त्याच्या आईच्या कानावर घातले. "मावशी, खरे सांगितले तर तो कोलमडेल हो," ती म्हणाली. तरीही दोघांनी एकत्र बसून त्याला सांगितले: आम्ही यापुढे वेगळे राहणार आहोत, तुझी शाळा आणि हे घर तेच राहील, बाबा रविवारी येतील, यात तुझा काहीही दोष नाही. मुलगा पुष्कळ रडला. पोटदुखी काही एका दिवसात थांबली नाही. एका रविवारी वडील आले नाहीत, तेव्हा ती पुन्हा उसळली. परंतु आता त्याला "का आले नाहीत?" असे मोकळेपणाने विचारता येत होते.

१९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाचे २६ वे कलम पाहा. मुलांचा ताबा, पालनपोषण व शिक्षण यांविषयी आदेश देताना, शक्य असेल तेथे मुलांच्या इच्छेचा विचार व्हावा, असे ते सांगते. न्यायालय जो मान देते, तो आपण घरात द्यावयास काय हरकत आहे?

प्रसंग केवळ विभक्त होण्याचाच असतो असे नाही. धाकटे भावंड येते, आई नोकरीस लागते, आजी देवाघरी जाते. "आजी गावाला गेली" असे सांगितलेले मूल दाराकडे डोळे लावून बसते. अशा वेळी तीन गोष्टी साध्या शब्दांत सांगाव्यात: काय घडले किंवा घडणार आहे, काय पूर्वीसारखेच राहील, आणि यात तुझा दोष नाही. मोठ्यांच्या भांडणाचा तपशील सांगू नये. आई हवी की बाबा, असा पेचही त्याच्यापुढे टाकू नये. मात्र त्याने पुन्हा पुन्हा तेच विचारले, तर न रागावता पुन्हा उत्तर द्यावे.

एवढे करूनही मुलाची झोप, भूक वा खेळ आठवड्यांमागून आठवडे हरवलेला दिसला, तर तज्ज्ञांचा सल्ला घेण्यात कमीपणा नाही. २०२२ साली शासनाने सुरू केलेल्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे. परंतु तेथवर जाण्यापूर्वी, आज रात्री अंथरुणे घालून झाल्यावर, आपल्या मुलाजवळ पाच मिनिटे बसा. घरात जे बदलले आहे, त्याविषयी त्याला काय वाटते ते विचारा. आणि ते बोलू लागले, की मध्येच थांबवू नका.