खेळ आटोपल्यावर

गणेशचतुर्थीस सर्व कुटुंबाने पासलीच्या घरी एकत्र यावे, असा आमच्या घराण्याचा जुना परिपाठ आहे. पुणे सोडून नसरापूरच्या फाट्यावर वळावे, मार्गासनी आणि विंझर मागे टाकून वेल्हे गाठावे, म्हणजे पावसाळी ढगांतून तोरण्याचे धूड दिसू लागते. तेथून केळदच्या वाटेने पुढे गेले, की भातखाचरांच्या हिरव्या पायऱ्यांमध्ये पासली लागते. कूळकायद्यानंतर जमिनी कसणाऱ्यांच्या झाल्या, आणि ते न्याय्यच झाले. आमच्याकडे राहिले ते एक जुने कौलारू घर, त्यापुढचे अंगण आणि देव्हारा. एरवी त्या घरात आमचे धाकटे बंधू व भावजयबाई अशी दोघेच असतात. गणपतीचे पाच दिवस मात्र लहानमोठी तीस माणसे तेथे नांदतात, आणि चुलीवरचे आधण म्हणून उतरत नाही.

बंधूंची उंची सहा फूट चार इंच. माजघराच्या दारातून जाताना ते अजूनही वाकतात. पन्नास वर्षांपूर्वी हीच उंची व हातातील चेंडूची सफाई पाहून एका मोठ्या कचेरीने त्यांस आपल्या बास्केटबॉल-संघात घेतले आणि हजेरीपटावर त्यांचे नाव कारकून म्हणून चढविले. तेरा वर्षे ते त्या संघातून खेळले. पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी पुण्याचे बिऱ्हाड मोडले व ते पासलीस येऊन राहिले. येथे त्यांनी गोठ्याच्या भिंतीस पिंपाचे एक लोखंडी कडे ठोकले आहे. संध्याकाळी गावची पोरे जमतात, बंधू बाजेवर बसून त्यांना हात कसा सोडावा ते दाखवितात.

यंदा चतुर्थीच्या रात्री आरती झाली, प्रसाद वाटला गेला, आणि माजघरात एक प्रश्न निघाला. आमच्या मधल्या बंधूंची नात तेरा वर्षांची आहे. अंगाने उंच, पायाने चपळ. तिला एका क्रीडाशाळेतून बोलावणे आले होते. शाळा, वसतिगृह आणि दोन वेळचा सराव, सारे तेथेच. मुलीचे डोळे लकाकत होते. तिच्या आईचे भरून आले होते. मग घरात जे होते ते झाले. कोणी म्हणाले, गणितात एवढी हुशार मुलगी, तिला चेंडूमागे कशाला धावावयास लावता? कोणी म्हणाले, आता काळ पालटला, खेळातही पोट भरते. आत्याबाईंनी तर मुलीच्या लग्नापर्यंत मजल मारली. शेवटी सर्वांच्या दृष्टी आपोआप धाकट्या बंधूंकडे वळल्या. घरात या वाटेने गेलेला माणूस तो एकच.

बंधू म्हणाले, “उद्या सांगतो.” आणि ते कंदील घेऊन अंगणात निघून गेले.

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. बंधूंच्या नादाने या खेळाविषयी आम्ही बरेच वाचले आहे. ते सारे डोळ्यांपुढून जाऊ लागले.

हा खेळ आम्हां मंडळींस परका वाटतो, पण त्याचा जन्म अगदी साधा आहे. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नाइस्मिथ नावाच्या शिक्षकांना, थंडीमुळे आत कोंडलेल्या तरुणांस गुंतवील असा एखादा खेळ हवा होता. त्यांनी व्यायामशाळेच्या सज्जास पीच फळांच्या दोन टोपल्या लावल्या. सज्जा दहा फूट उंच होता. म्हणून कडे आजही दहा फुटांवरच असते. प्रथम टोपल्यांस बूड होते, आणि आत पडलेला चेंडू कोणीतरी शिडीवर चढून काढी. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये या खेळास प्रथमच पदकाचे स्थान मिळाले, तेव्हा वृद्ध नाइस्मिथ तेथे हजर होते. आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानेही त्याच वेळी बर्लिनमध्ये देशी खेळांची प्रात्यक्षिके केली होती. अंतिम सामना उघड्या मैदानावर भर पावसात झाला. चिखलात चेंडू उसळेना, आणि अमेरिकेने कॅनडास १९ विरुद्ध ८ अशा गुणांनी जिंकले. ही हकीकत बंधू पासलीच्या पोरांस फार आवडीने सांगतात, कारण श्रावण-भाद्रपदात आमच्या अंगणाची अवस्था तीच असते.

मुंबईत हा खेळ विशेष रुजला तो नागपाड्यास. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमेरिकन मराठी मिशनने तेथे ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ ही संस्था काढली. तिचे चालक क्लिफर्ड मॅनशार्ट हेच पुढे १९३६ साली निघालेल्या, आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून सर्वश्रुत असलेल्या शिक्षणसंस्थेचे पहिले संचालक झाले. नागपाडा म्हणजे कष्टकऱ्यांची दाट वस्ती. तिच्या पोरांनी चेंडू आणि कडे आपलेसे केले. त्याच मोहल्ल्यातून अब्बास मुंतसिर हे थोर खेळाडू निघाले. भारताच्या संघाचे नायकपद त्यांनी भूषविले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांस मिळाला. १९७५ साली बँकॉक येथील आशियाई स्पर्धेत चीन, जपान व दक्षिण कोरिया यांच्या पाठोपाठ भारत चौथा आला, तेव्हा आमच्या बंधूंनी घरात पेढे वाटले होते. नागपाड्याच्या गड्यांकडून हरून आले तरी ते आनंदाने सांगत, “दादा, हरलो, पण काय खेळतात लेकाचे!”

पुढे १९८० साली कित्येक राष्ट्रांनी मॉस्कोच्या ऑलिंपिकवर बहिष्कार घातला आणि रिकाम्या झालेल्या जागांमुळे भारताच्या बास्केटबॉल-संघास तेथे प्रवेश मिळाला. सारे सामने तो हरला. तथापि या खेळात भारत ऑलिंपिकला गेला तो त्याच एका वेळी. त्या संघात आपली निवड व्हावी, अशी बंधूंची फार इच्छा होती. ती झाली नाही. पाच वर्षांनी गुडघा गेला आणि खेळही गेला. तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते.

येथे वाचकांस एक गोष्ट सांगितली पाहिजे. अमेरिकेत धंदेवाईक खेळाडूस खेळण्याचाच पगार मिळतो. आपल्याकडे त्या काळी तसे नव्हते. कागदोपत्री सारे हौशी. रेल्वे, पोलीस, लष्कर, बँका, कारखाने हे खेळाडूस नोकरी देत. सकाळ-संध्याकाळ सरावाची सवलत, सामन्यांसाठी रजा, पदक आणले तर एखादी वेतनवाढ. कारकुनाच्या खुर्चीवर नाव त्याचे, पण तो बसे क्वचितच. ही व्यवस्था पुष्कळांच्या चुली पेटत्या ठेवून गेली, यात शंका नाही. परंतु तिच्यात एक खाच होती. खेळ संपला, की तो मनुष्य त्या रिकाम्या खुर्चीवर प्रथमच बसावयास जाई, आणि त्याच्या बरोबरीचे तोवर साहेब झालेले असत.

खेळाडूस लवकर निवृत्त व्हावे लागते, हे तर उघडच आहे. विद्वान चाळिशीत पक्व होतो, वैद्याचा हात पन्नाशीत बसतो. धावणाऱ्याचा गुडघा तिशीतच कुरकुरू लागतो. मग राहिलेल्या तीस-चाळीस वर्षांचे काय? अमेरिकेतील बिल ब्रॅडली हे १९६७ ते १९७७ अशी दहा वर्षे न्यूयॉर्कच्या संघातून खेळले, आणि १९७९ पासून अठरा वर्षे तेथील सिनेटचे सभासद होते. पण खेळास लागण्यापूर्वीच ते प्रिन्स्टनचे पदवीधर होऊन ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकून आले होते, हे विसरता कामा नये. उलट आपल्या पंजाबातील सतनामसिंग पाहा. २०१५ साली डल्लासच्या संघाने त्यास ५२ व्या क्रमाने निवडले. अमेरिकेच्या त्या श्रेष्ठ संघमालिकेसाठी निवडला गेलेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. उंची सात फूट दोन इंच. पण त्या मालिकेतील एकही सामना त्याच्या वाट्यास आला नाही, आणि पुढे तो अमेरिकेत तमाशेवजा कुस्त्यांच्या आखाड्यात उतरला.

फार लांब कशाला जावे? कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२ साली हेलसिंकीस त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले, ही गोष्ट महाराष्ट्र आजही कृतज्ञतेने सांगतो. पण पुढे? १९५५ साली पोलीस खात्यात नोकरी, ती सुमारे सत्तावीस वर्षे. आणि १९८४ साली अपघाती अंत. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. मिरवणूक एक दिवसाची होती. नोकरी सत्तावीस वर्षांची.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर बंधू ओसरीवर येऊन बसले. मुलगी समोर, आम्ही सारे भोवती. ते म्हणाले, “तिला जाऊ द्या. आडवे येऊ नका. एवढेच, की मी खेळत होतो तेव्हा घरी आलो की सगळे विचारीत, किती गुण केलेस? जिंकलात का? कात्रणे काढून तुम्ही भिंतीवर लावलीत. पण कचेरीत काय करतोस, हे तेरा वर्षांत मला कोणी विचारले नाही. मग मीही स्वतःला विचारले नाही. तिला रोज दोन्ही विचारा. आणि तिचा खेळ संपेल त्या दिवशी घरात कोणीतरी असा, म्हणजे झाले.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पण आम्हांस मान वर करवेना. कारण त्यांनी जे सांगितले नाही, ते आम्हांस ठाऊक होते.

१९८५ सालच्या पावसाळ्यात, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर, बंधू एका संध्याकाळी आमच्या पुण्याच्या बिऱ्हाडी आले होते. काखेत कुबडी, हातात विभागीय परीक्षेची दोन पुस्तके. आम्ही तेव्हा हिशेबखात्यात अधिकारी होतो. ती परीक्षा आम्ही पहिल्या खेपेस उतरलो होतो. ते म्हणाले, “दादा, हे जमाखर्चाचे मला थोडे शिकवशील का?” घरात पाहुणे होते. आम्ही हसून म्हटले, “अरे, तुला कशाला हवीत पुस्तके? तू आपला चेंडू उडव!” पाहुणे हसले. बंधूही हसले. चहा घेऊन, पुस्तके पुन्हा पिशवीत घालून ते गेले, आणि तो विषय त्यांनी आमच्याजवळ पुन्हा कधी काढला नाही. ती परीक्षा ते कधी उतरले नाहीत. पुढली पंचवीस वर्षे त्यांच्याहून वयाने लहान माणसे त्यांच्यावर साहेब म्हणून आली, आणि ते टपाल नोंदवीत राहिले. आम्ही मात्र चारचौघांत ‘आमचे बंधू राज्यातर्फे खेळले’ असे अभिमानाने सांगत राहिलो. त्यांचा खेळ आम्ही मिरविला. त्यांची खुर्ची आम्ही पाहिली नाही.

दुपारी सारी मंडळी लवंडली असता आम्ही गोठ्याकडे गेलो. बंधू कड्याचा सैल झालेला खिळा ठोकीत होते. आम्ही म्हटले, “त्या पुस्तकांचे तुला आठवते का रे?”

ते हातोडी थांबवून म्हणाले, “आठवते तर. निळ्या पुठ्ठ्याची होती.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “दादा, तू तरी काय करणार? आपल्याला सगळ्यांना वाटत होते, की मी असाच खेळत राहणार. मलाही वाटत होते.” आणि त्यांनी आम्हांस खिळे धरावयास दिले.

एकत्र कुटुंबाची थोरवी पुष्कळांनी गायिली आहे. आजारपणात, अडचणीत, लग्नकार्यात दहा हात पुढे येतात, हे खरेच. पण घरातील एखादा मनुष्य वेगळ्या वाटेने चालला, की आपण त्याला एकतर अडवितो, नाहीतर डोक्यावर घेतो. त्याच्या बरोबरीने चार पावले चालण्याचे मात्र आपल्यास सुचत नाही. अडविणे व डोक्यावर घेणे ही दोन्ही सोपी कामे आहेत. संध्याकाळी त्याच्याजवळ बसून त्याचा राहिलेला धडा करून घेणे हे कष्टाचे काम, आणि घरातील वडीलमाणसांचे खरे काम तेच, असे आम्हांस आता या वयात कळले.

मुलगी क्रीडाशाळेत गेली. चेंडूचे तिला काय शिकवावयाचे ते तेथील शिक्षक व तिचे धाकटे आजोबा पाहतील. गणित व जमाखर्च आम्ही आमच्याकडे घेतले आहे. दर रविवारी सकाळी ती दूरध्वनीवर भेटते. आधी तिच्या सामन्याचे विचारावयाचे, मग उदाहरणांचे, असा क्रम ठरला आहे. मागील रविवारी तिने व्याजाची पाच उदाहरणे सोडविली, त्यांतील तिसरे चुकले. ते तिने पुन्हा केले. त्यानंतर आम्ही पासलीस दूरध्वनी करून बंधूंस ते उदाहरण सांगितले. ते म्हणाले, “थांब, कागद घेतो.”