अंगाचा रंग

रंगपेटीतल्या एका खडूला आमच्या शाळेतली मुलं 'अंगाचा रंग' म्हणतात. फिकट गुलाबी, जरासा पिवळट. माणदेशाच्या उन्हात वाढलेल्या एकाही पोराचं अंग त्या रंगाचं नाही, माझंही नाही. तरी माणूस काढायला सांगितला की पेटीतला तोच खडू आधी झिजतो. म्हसवडला मी बरीच वर्षं चित्रकला शिकवतो आहे आणि हे झिजणं दरवर्षी बघतो आहे.

सहावीतल्या एका मुलीनं स्वतःचं चित्र काढताना तपकिरी खडू घेतला. मागच्या बाकावरून आवाज आला, "हबशी!" वर्ग हसला. हबशी म्हणजे काय रे, असं विचारलं तर उत्तर आलं, "म्हंजे काळं, सर." मुलगी काही बोलली नाही. तिनं तपकिरी चेहऱ्यावर अंगाचा रंग घासायला सुरुवात केली. मेणाच्या खडूवर दुसरा मेणखडू बसत नाही, नुसता चिखल होतो. तसा झाला.

पुढच्या तासाला मी काही चित्रांच्या छापील प्रती घेऊन गेलो. हबश म्हणजे आजचा इथिओपिया आणि तिथला माणूस तो हबशी, एवढं सांगून पहिली प्रत फळ्याला लावली. मुघल चित्रकार हाशिम यानं 1620च्या सुमारास काढलेलं मलिक अंबरचं चित्र. मूळ चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. एका बाजूनं दिसणारा चेहरा, पांढरा पातळ जामा, भारदस्त शरीर. हाशिमनं काळा रंग सरसकट फासलेला नाही. गालाच्या हाडावर, कपाळावर तपकिरी रंग उजळत नेला आहे. शत्रूच्या दरबारातल्या चित्रकारानं काढलेलं हे चित्र आहे, पण हात द्वेषानं चाललेला नाही.

द्वेष बघायचा तर अबुल हसनचं 1616च्या आसपासचं चित्र बघावं. ते डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्याला टोचलेल्या मलिक अंबरच्या मुंडक्यावर बाण मारतो आहे आणि मुंडक्यावर घुबड बसलं आहे. हे घडलं कधीच नाही. अंबर मुघलांच्या हाती लागला नाही. 1626 साली ऐंशीच्या घरात पोचून तो आपल्या मरणानं गेला. खुलताबादला त्याची कबर आहे. बादशहाला रणात जे जमलं नाही ते त्यानं कागदावर करून घेतलं. आत्मचरित्रातही तो अंबरला काळतोंड्या म्हणतो. म्हणजे मागच्या बाकावरचा आवाज चारशे वर्षं जुना आहे आणि तो थेट तख्तावरून आलेला आहे.

आमच्या मुलांना हबशी म्हटलं की पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर आठवतो, फार तर जंजिरा. अंबरच्या बाजूनं 1624 साली भातवडीला शहाजीराजे लढले होते, हे वाचलेलं असतं पण आठवत नाही. त्यानं वसवलेल्या खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, जमिनीखालच्या नहरीतून पाणी आणलं. पंप नाही, मोट नाही, नुसत्या उतारावर. हे सांगितल्यावर मात्र वर्ग ताठ बसला. पाण्याचं काही निघालं की माणदेशात कान टवकारतात. "माणगंगेला का नाही आणलं, सर?" असं एकानं विचारलंच.

म्हसवडचे माने देशमुख आदिलशाहीचे सरदार. त्या विजापूरच्या दरबारात इखलास खान हा हबशी मोठ्या अधिकाराला पोचला होता. हैदर अली आणि इब्राहिम खान या दोघांनी 1645च्या सुमारास मिळून काढलेल्या चित्रात मुहम्मद आदिलशहा हत्तीवर बसला आहे आणि त्याच्या मागे इखलास खान. आमच्या गावच्या देशमुखांनी ज्या दरबारात मुजरे घातले, तिथे असे चेहरे रोजचे होते.

यातून सगळं गोड होतं असं नाही. अंबर लहानपणी विकला गेला, पुन्हा पुन्हा विकला गेला, म्हणून दख्खनेत आला. तो थोर झाला म्हणून गुलामांचा बाजार चांगला ठरत नाही. आणि त्याच्याबरोबर आलेल्या बाकीच्यांचं चित्र कुणी काढलं नाही. यल्लापूर, हलियाळच्या रानात आजही सिद्दी राहतात. त्यांच्यातले बरेच जण कोकणी बोलतात. त्यांच्या बायका जुन्या कापडाचे तुकडे जोडून 'कवंदी' शिवतात. तिचा फोटो मी बायकोला दाखवला. ती म्हणाली, ही तर वाकळ.

तेव्हापासून मीही चेहरे काढतो आहे, कोळशानं. इथिओपियातच ओमो नदीकाठी माणसाच्या अगदी जुन्या कवट्यांपैकी एक सापडली, दोन लाख वर्षांच्याही मागची. आफ्रिकेबाहेरची आपण सगळी तिथून साठ-सत्तर हजार वर्षांपूर्वी निघालेल्यांची लेकरं. कातडीचा रंग ही पुढची, उन्हानं केलेली उलाढाल. हे वाचून समजतं, पण हाताला समजायला वेळ लागतो. मी आधी कवटी काढली, मग तिच्यावर माणसं चढवत गेलो: हाशिमचा अंबर, बाजारातली मेंढक्याची म्हातारी, माझे वडील. कवटी बदलावी लागत नाही. काळा चेहरा काढताना मात्र काळं शोधून चालत नाही, उजेड कुठे थांबलाय ते शोधावं लागतं. कागदाचा पांढरा राखून ठेवावा लागतो. फिकट चेहऱ्यात सावली काम करते, इथे उजेड करतो. मला हे कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या काळी प्लास्टरचे ग्रीक पुतळे समोर ठेवून चेहरा शिकवत.

वर्गात आता अंगाचा रंग आम्ही बनवतो. पिवळा, तांबडा आणि चिमूटभर निळा. प्रत्येकानं आपल्या मनगटाशेजारी धरून बघायचा आणि जुळला की थांबायचं. बावन्न मुलांच्या वर्गात दोन रंग सारखे आले नाहीत. मागच्या बाकावरच्याला निळा सगळ्यांत जास्त लागला.

एक चित्र अडलं आहे. अंबरचं लहानपणचं नाव चापू होतं म्हणतात. त्या वयातलं त्याचं एकही चित्र नाही, बाजारात उभ्या पोराचं चित्र काढायला कोण बसणार? हाशिमच्या म्हाताऱ्यावरून मागे मागे येत मी ते पोर काढतो आहे. गाल भरले, हनुवटी आखूड केली, कपाळ वर घेतलं. डोळे जमत नाहीत. ते विकणाऱ्याकडे बघताहेत की आलेल्या वाटेकडे, हे ठरत नाही तोवर कोळसा टेकवता येत नाही.