पोलादाच्या आतले चौघे

दसऱ्याच्या जंबू सवारीत म्हैसूरच्या रस्त्यावरून पोलिसांचं अश्वदळ जातं, तेव्हा बघणाऱ्याला मनानं काही भरावं लागत नाही. घोडा दिसतो, स्वाराची मांड दिसते, ढोलांच्या आवाजानं जनावर बुजलं की स्वाराच्या कपाळावरची आठीसुद्धा दिसते. याच म्हैसूर संस्थानचे लान्सर्स २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूरच्या घोडेस्वारांबरोबर हैफावर चालून गेले. हातात भाले, समोर मशीनगनी. गाव त्यांनी घेतलं. पण त्याआधी दोन वर्षं, १९१६च्या सप्टेंबरात, फ्रान्समध्ये सोमच्या आघाडीवर पहिला रणगाडा खंदकांवरून गेला होता. हैफाचा पराक्रम कितीही खरा असो, पुढचा काळ भाल्याचा नव्हता. स्वार पोलादाच्या आड गेला आणि लोकांना दिसेनासा झाला.

त्याचा माग काढायचा तर नगरला जावं. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण जीभ अजून नगरच म्हणते. सोलापूर रस्त्याला, निजामशाही फराहबागेच्या जवळ, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलनं १९९४मध्ये रणगाड्यांचं संग्रहालय उघडलं. पन्नासाच्या आसपास गाड्या आहेत: रोल्स रॉइसची चिलखती मोटार, माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, जपानी हा-गो, अमेरिकी पॅटन, आपला विजयंत. नगरकरांना या जातीचं फारसं अप्रूप नाही. लष्कराच्या के. के. रेंजवर सराव सुरू असला की तोफेचा आवाज दूरवर पोचतो, आणि आसपासच्या गावांत बोलणारा माणूस क्षणभर थांबून वाक्य पुढे चालू करतो.

म्हैसूरचं रेल्वे संग्रहालय १९७९चं. तिथे मुलं इंजिनात चढतात, दांडे ओढून बघतात आणि घरी जाताना हाताला काळं लावून घेतात. नगरला तसं नाही. रणगाड्याची वाट वरून असते आणि वरची झाकणं बंद असतात. आपण नुसतं भोवती हिंडायचं. पाटीवर वजन, तोफेचा व्यास, वेग, बनवणारा देश. आत किती जण बसत हेही कधीकधी असतं, पण ते कसे बसत हे काही कळत नाही. मला त्या पाट्यांचा राग येत नाही, पण त्या तोफखान्याच्या भांडारपालानं लिहिल्यासारख्या वाटतात.

हा-गोपाशी मी सगळ्यात जास्त वेळ थांबते. साडेसात टनांचा, ठेंगणा, खेळण्यातला वाटावा असा. त्याचं चिलखत जास्तीत जास्त बारा मिलिमीटर, म्हणजे करंगळीएवढं. शेजारच्या चर्चिलच्या नव्या अवताराचं तोंडाकडचं चिलखत दीडशे मिलिमीटरच्या वर. पण जाडीपेक्षा वाईट गोष्ट वरच्या बुरुजात आहे. त्या बुरुजात एकच माणूस मावतो. त्यानंच बाहेर बघायचं, ड्रायव्हरला वाट सांगायची, गोळा भरायचा, नेम धरायचा, बार काढायचा, आणि पुन्हा बाहेर बघायचं. इतर पुष्कळ रणगाड्यांत ही कामं तिघांत वाटलेली असतात. ब्रह्मदेशच्या जंगलात, त्या उकाड्यात, बारुदाच्या धुरात, एकट्यानं हे सगळं करणारा तो जपानी पोरगा शत्रूपक्षाचा होता हे मला कळतं. तरी त्या बुरुजाकडे बघताना माझा जीव गुदमरतो.

याउलट सेंच्युरियन. ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी बनवला, आणि या रणगाड्यापासून आत विजेवर पाणी उकळायचं भांडं बसवायला सुरुवात केली. चहासाठी! कारण चुलीसाठी खाली उतरलेली माणसं मारली जात होती. ज्या कुणा अधिकाऱ्यानं हे मंजूर केलं त्याला आतल्या माणसाची आठवण होती, असं म्हणायला हरकत नाही.

सेंच्युरियन म्हटलं की पूना हॉर्स आठवते. १८१७मध्ये, पेशवाईच्या अगदी संध्याकाळी, बाजीरावाशी झालेल्या तहातून पुण्यात उभी राहिलेली ही पलटण. घोडे गेले, रणगाडे आले, हुद्दे मात्र स्वार, दफेदार, रिसालदार असेच राहिले. १६ सप्टेंबर १९६५ला तिचे कमांडर लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर चविंडाच्या लढाईत पडले. १६ डिसेंबर १९७१ला बसंतरच्या काठी सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. जन्म पुण्याचा, वय एकवीस. त्यांच्या सेंच्युरियनचं नाव फामागुस्ता. रणगाडा पेटला, वरून बाहेर पडायचा हुकूम आला, पण तोफ चालते आहे म्हणून ते आत राहिले. दोघांनाही परमवीर चक्र मिळालं. फामागुस्ता शत्रूच्या हाती पडली, पुढे परत आली, आणि आता नगरच्याच लष्करी केंद्रात आहे.

इथवरचं पुष्कळांना पाठ असतं. त्या रणगाड्यात आणखी तीन जण होते. प्रयाग सिंग चालवत होते, नथू सिंग नेम धरत होते, नंद सिंग बिनतारी सांभाळत होते. नंद सिंग तिथेच गेले. बाकीचे दोघे जखमी होऊन वाचले.

समोर होते पाकिस्तानचे १३ लान्सर्स. त्यांचं मूळ शोधत गेलं तर तेही जुन्या मुंबई लष्कराच्या घोडदळात निघतं, आणि साल तेच, १८१७. फाळणीत पागा वाटल्या गेल्या तेव्हा एक इकडे आली, दुसरी तिकडे गेली. बसंतरनंतर तीस वर्षांनी, २००१मध्ये, खेत्रपालांचे वडील आपलं जन्मगाव सरगोधा बघायला पाकिस्तानात गेले. ज्यांच्या घरी ते उतरले होते त्या ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी निघायच्या आदल्या रात्री सांगितलं, की तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. हा संवाद रणगाड्याबाहेर होऊ शकला एवढंच.

पाकिस्तानचे पॅटन मात्र वेगळ्या नशिबाचे. सप्टेंबर १९६५मध्ये असल उत्तरच्या पाणी सोडलेल्या उसाच्या रानांत ते रुतले. आपल्या लष्करातल्या अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या रिकॉइललेस गनेनं काही फोडले आणि तिथेच प्राण दिले. युद्धानंतर भिखीविंडजवळ पकडलेल्या रणगाड्यांची रांग लागली, लोक त्याला पॅटन नगर म्हणू लागले. मग ते देशभर छावण्यांत आणि चौकांत वाटले गेले. चौकातल्या अशा रणगाड्याला सव्वीस जानेवारीच्या आधी नवा हिरवा रंग देतात. थरावर थर बसतो, कडा बोथट होतात, कुठे काही लागलं असेल तर तेही बुजतं. शेवटी उरतो तो रंगाचा रणगाडा. मला हे पटत नाही. ओरखडे काढून टाकायचे असतील तर विजयचिन्ह ठेवायचं कशाला?

परदेशात हौस वेगळ्या टोकाला जाते. कॅलिफोर्नियात जॅक लिटलफील्ड नावाच्या गृहस्थानं दोनशेच्या वर लष्करी गाड्या जमवल्या होत्या, पुष्कळशा चालू अवस्थेत. त्यांच्या मागे, २०१४मध्ये, बहुतेकांचा लिलाव झाला. इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या संग्रहालयात ट्युनिशियात पकडलेला जर्मन टायगर अजूनही चालवून दाखवतात, लोक तिकिटं काढून त्याचा आवाज ऐकायला जातात. मला त्याच संग्रहालयातली दुसरी वस्तू जास्त मोलाची वाटते. त्यांनी एक अख्खा सेंच्युरियन उभा चिरून ठेवला आहे. गोळे कुठे रचलेले, कुणाचा गुडघा कशाला टेकत होता, सगळं उघडं.

नगरला हे व्हावं. हा-गोला हात लावू नये, सेंच्युरियनलाही नको. विजयंत घ्यावा. १९६५पासून चेन्नईजवळच्या आवडी इथल्या कारखान्यातून ते शेकड्यांनी निघाले, एक कापल्यानं इतिहास बुडणार नाही. गॅस कटर चालवणारे हात नगरच्या एमआयडीसीत कमी नाहीत, आणि लष्कराच्या वर्कशॉपला तर हे मनावर घेण्याचाच अवकाश. फक्त कापताना डावी बाजू कापावी. कमांडर आणि नेमबाज उजवीकडे बसतात, त्यांची नावं कुठे ना कुठे लागतातच. डावीकडे उभा असतो तो गोळा भरणारा आणि बिनतारी ऐकणारा, नंद सिंगांच्या जागेवरचा माणूस.