चार्ज देताना यादी लागतेच

मी इंदूरचा, बी.कॉम., बँकेतून रिटायर झालेला. प्रोग्रामिंगचा आणि माझा काही संबंध नाही. तरी आज त्यावरच लिहितोय, कारण आमच्या वाचनालयाची पुस्तकयादी त्यात अडकली होती.

जुनी रजिस्टरं वाळवीने खाल्लेली. माझ्या नातवाने कॉलेजात असताना ती सगळी यादी कॉम्प्युटरवर आणली. मग त्याला पुण्यात नोकरी लागली आणि काम शेजारच्या मुलीने हाती घेतलं. तर तिच्या लॅपटॉपवर प्रोग्राम सुरूच होईना! नातू फोनवर म्हणे, "आजोबा, माझ्याकडे तर चालतोय."

बँकेत शाखेचा चार्ज देताना "सगळं बरोबर आहे" एवढ्याने भागत नसे. कोणत्या किमतीच्या किती नोटा, किल्ल्या कोणाकडे, सगळं लिहून दोघांच्या सह्या व्हायच्या. इथेही तेच निघालं.

दिवाळीत नातू आला, तेव्हा त्याने दोघांना समजावून सांगितलं. कुठलाही प्रोग्राम दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार तुकड्यांवर उभा असतो. त्यांना डिपेंडन्सी म्हणतात. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचा अवघ्या ११ ओळींचा तुकडा त्याच्या लेखकाने काढून घेतला, तर जगभरात हजारो प्रोजेक्ट अडले होते. आता प्रोग्राम आणि त्याचे तुकडे एका बंद डब्यात ठेवतात. डॉकर हे त्याचं प्रसिद्ध साधन, २०१३ पासूनचं.

पण नुसत्या डब्याने भागत नाही. डबा चालू असताना आत एखादा तुकडा हाताने टाकला, तर डबा मोडून नवा केला की तो गेला. नातवाचं नेमकं हेच झालं होतं. एक तुकडा आत होता, पण यादीत नव्हता. तेव्हा आधी यादीत नोंद, मग डबा नव्याने बांधायचा. दुसरं, "जे ताजं असेल ते" असं लिहायचं नाही, कारण आजचं ताजं उद्या बदलतं. डब्याच्या पायाचाही नक्की नंबर लिहायचा. तुकड्यांचे नेमके नंबर लॉक फाइलमध्ये असतात. ती फाइल प्रोग्रामबरोबरच द्यायची. तिसरं, आपल्या लॅपटॉपवरचे तुकडे उचलून डब्यात कोंबायचे नाहीत. विंडोजसाठी तयार झालेला तुकडा डब्यातल्या लिनक्सवर चालेलच असं नाही. ते डब्यातच नव्याने बसवायचे.

दोघांनी संध्याकाळभर बसून यादी पुरी केली. नातवाचा लॅपटॉप बंद ठेवून मुलीने आपल्या मशीनवर डबा पहिल्यापासून बांधला, आणि पुस्तकं दिसली की हो! आता उद्या ती लग्न होऊन किंवा नोकरीला बाहेरगावी गेली, तरी तिसऱ्याला पुण्याला फोन लावावा लागणार नाही.

आपल्या गावोगावच्या वाचनालयांची, मंडळांची कामं अशीच कुणा हुशार मुलाच्या लॅपटॉपवर असतात. तो इथे आहे तोवरच विचारून घ्या, "बाळा, लॉक फाइल दिलीस का? आणि दुसऱ्याच्या मशीनवर चालवून पाहिलंस का?"